सैनिकाचे गाऱ्हाणे

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील घरांतून सैन्यात व आरमारात जाण्याची परंपरा जुनी आहे. पंधरा वर्षे नोकरी झाली की शिपाई निवृत्तिवेतनास पात्र होतो. त्या वेळी त्याचे वय पस्तिशीच्या आसपास असते. म्हणून मालवण-सावंतवाडीकडे परतलेला एखादा सैनिक पुन्हा विद्यार्थी होतो. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची पदवी त्याला घरी राहून घेता येते. परंतु रात्री झोप न येणे, फटाक्याने दचकणे, घरच्यांशी अबोला, ही त्याची दुखणी तरुण सोबत्यांना कशी कळावी?

पलटणीत त्याला एक आधार असतो. भूदलात निरनिराळ्या धर्मांचे धर्मगुरू नेमलेले असतात. पुण्याच्या राष्ट्रीय एकात्मता संस्थेत त्यांना शिक्षण मिळते. पूजाअर्चेखेरीज आजाऱ्याची विचारपूस करणे व खचलेल्यास धीर देणे हेही त्यांचेच काम. गणवेश उतरला की हा आधार सुटतो.

धीर देणे हीसुद्धा शिकण्याची विद्या आहे. स्वतः मनोविकार भोगलेले अमेरिकी पाद्री अँटन बॉइसन यांनी १९२५ साली वूस्टर येथील मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात शिकविण्यास आरंभ केला. ग्रंथाप्रमाणे माणूसही लक्षपूर्वक वाचावा, असे त्यांचे मत होते.

कोकणाला ही कल्पना अगदीच परकी नाही. देवळात मानकरी गाऱ्हाणे घालतो, भक्ताचे साकडे मोठ्याने बोलून दाखवितो, आणि जमलेले गावकरी ‘होय महाराजा’ म्हणून साथ देतात. दुःख एकट्याचे राहत नाही, हे त्यातील बळ होय. मात्र तेथे बोलतो तो मानकरी. ज्याचे दुःख तो गप्प उभा असतो. शिवाय डोळ्यांदेखत पडलेला सोबती, स्वतःच्या हातून सुटलेली गोळी, या गोष्टी चारचौघांत सांगण्याजोग्या नसतात. त्यांना एकान्त हवा, आणि ऐकलेले पोटात ठेवणारा, उपदेशाची घाई न करणारा श्रोता हवा. पुजारी, पाद्री, मौलवी, शिक्षक किंवा गावातील जुना सुभेदार, कोणीही तो होऊ शकेल.

या श्रोत्याने आपली मर्यादाही ओळखावी. जीव देण्याची भाषा कानी आली, वा दारू वाढत चालली, तर वैद्याची गाठ घालून देणे हेच त्याचे कर्तव्य ठरते. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. सैनिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यात त्याचा स्वतंत्र कक्ष उघडण्यात आला. गाऱ्हाणे व औषध यांत विरोध मानण्याचे कारण नाही. परतलेल्या सैनिकाला आपले दुःख आपल्या तोंडाने सांगता येईल, एवढी सवड मात्र गावाने त्याला द्यावयास हवी.