बातमी पुढे धाडण्यापूर्वी

बाहेरगावची बातमी पूर्वी वऱ्हाडातील खेड्यात एस.टी.च्या शेवटच्या गाडीने येत असे. ती आणणारा माणूस गावाच्या ओळखीचा असे. "तू स्वतः पाहिलेस काय?" एवढा एकच प्रश्न पारावरील एखादा वडीलधारा विचारी आणि पुष्कळशा अफवा तेथेच विरून जात. आज बातमी मोबाइलवर येते. ती मुळात कोणी लिहिली हे ठाऊक नसते. पाठविणारा मात्र आपलाच आप्त, शेजारी किंवा सहकारी असतो. त्याच्यावरील विश्वास आपण नकळत त्या बातमीला देऊन टाकतो. बातमी धर्मासंबंधी असेल तर या चुकीचे मोल किती पडते, हे अमरावती व अकोला या दोन्ही शहरांनी अलीकडेच अनुभवले आहे.

कुमिल्ला ते अमरावती

ऑक्टोबर २०२१ मध्ये बांगलादेशातील कुमिल्ला येथे दुर्गापूजेच्या मंडपात कुराणाची प्रत आढळल्याची चित्रफीत फेसबुकवरून पसरली. त्यातून त्या देशात अनेक ठिकाणी हिंदूंची मंदिरे, मंडप व घरे यांवर हल्ले झाले. त्याच्या निषेधार्थ शेजारच्या त्रिपुरा राज्यात मोर्चे निघाले आणि २६ ऑक्टोबर रोजी पानिसागर भागात मुस्लिमांची काही घरे व दुकाने यांची नासधूस झाली. येथपर्यंतचे वृत्त खरे होते. त्रिपुरा उच्च न्यायालयानेही या घटनांची स्वतःहून दखल घेतली.

परंतु या सत्याच्या पाठीवर बसून पुष्कळ असत्यही प्रवासाला निघाले. पानिसागरची मशीद जाळल्याचा दावा पोलिसांनी नाकारला. अर्धवट जळालेल्या धर्मग्रंथांचे जे छायाचित्र त्रिपुराचे म्हणून फिरत होते, ते प्रत्यक्षात जून २०२१ मध्ये दिल्लीतील रोहिंग्या निर्वासितांच्या वस्तीला लागलेल्या आगीनंतरचे होते.

१२ नोव्हेंबर २०२१ रोजी अमरावती, नांदेड व मालेगाव येथे निषेध मोर्चे निघाले आणि दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी त्याविरुद्ध पुकारलेल्या बंदच्या वेळी अमरावतीत राजकमल चौकाच्या परिसरात जमाव जमला आणि शहरात दुकानांची मोडतोड व जाळपोळ झाली. संचारबंदी लागू करावी लागली. इंटरनेट सेवा बंद ठेवावी लागली. त्रिपुरातील काकराबन येथील मशिदीची नासधूस झाल्याच्या बातम्या खोट्या आहेत, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने जाहीर केले ते त्याच दिवशी. खुलासा आला तोवर काचा फुटून गेल्या होत्या. ज्या व्यापाऱ्यांची दुकाने फुटली, त्यांचा कुमिल्लाशी किंवा पानिसागरशी काय संबंध होता?

असत्याची रूपे

धर्मविषयक बातमी क्वचितच संपूर्ण खोटी असते. बहुधा तिच्यात सत्याचा अंश असतो आणि म्हणूनच ती पटते. त्रिपुराच्या प्रकरणात छायाचित्र खरे होते, स्थळ खोटे होते. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२० रोजी चोर आल्याच्या अफवेतून जमावाने दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांची हत्या केली. घटना खरी आणि अत्यंत निंद्य. परंतु तिला समाजमाध्यमांवर हिंदू-मुस्लिम रंग देण्यात आला. अखेर तत्कालीन गृहमंत्र्यांना अटक केलेल्या १०१ जणांची यादी प्रसिद्ध करून त्यांत एकही मुस्लिम नाही, हे सांगावे लागले.

अकोल्याची गोष्ट आणखी वेगळी. १३ मे २०२३ रोजी तेथील जुन्या शहर भागात समाजमाध्यमावरील एका धर्मविषयक मजकुरावरून दोन गट समोरासमोर आले. दगडफेक व जाळपोळ झाली, एका व्यक्तीचा बळी गेला. एखाद्याने आक्षेपार्ह मजकूर लिहिला असेलही. पण एकाचे शब्द साऱ्या समाजाच्या माथी मारणे हेही असत्यच होय. शिवाय असा मजकूर निषेधासाठी म्हणून पुढे पाठविणारा तो थांबवीत नाही, वाढवितो. तो पोलिसांच्या हवाली करावा आणि तेथेच थांबावे.

पडताळणी कशी करावी

बातमी आली की प्रथम तिचे तुकडे करावेत. स्थळ कोणते, तारीख कोणती, नेमके काय घडले आणि ते कोणी पाहिले? गाव, तालुका व पोलीस ठाणे यांचा उल्लेख नसलेली बातमी तपासता येत नाही. आणि जी तपासता येत नाही ती पुढे पाठवू नये. छायाचित्र असेल तर मोबाइलवरील गूगल लेन्सने ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले आहे, हे पाहता येते. त्या भागातील वृत्तपत्रांत ती बातमी आहे काय आणि तेथील पोलिसांनी काय म्हटले आहे, हे पाहावे. पहिले अधिकृत निवेदनही पुष्कळदा अपुरे असते. म्हणून एक दिवस थांबण्यात काही बिघडत नाही.

व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण दिसली, तर तो संदेश अनेक हातांतून फिरत आला आहे, असे समजावे. ही खूण सत्याची नव्हे, केवळ प्रवासाची आहे. "हे कोणीही दाखविणार नाही, सर्वांना पाठवा" असा आग्रह ज्या संदेशात असेल, त्याविषयी अधिकच सावध असावे.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ प्रमाणे धार्मिक गटांत वैर निर्माण करू शकेल अशी खोटी माहिती किंवा अफवा तशा हेतूने पसरविल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सद्भावनेने आणि वाजवी कारणाने खरे मानून दिलेल्या माहितीस अपवाद आहे. पण काहीच न तपासणाऱ्याला वाजवी कारण कोठून दाखविता येणार?

आपली जबाबदारी

शिक्षक, ग्रामसेवक किंवा पंचायत सदस्य यांनी पाठविलेला संदेश गावात इतरांच्या संदेशासारखा राहत नाही. "गुरुजींनी पाठविले आहे" एवढ्यानेच त्याच्यावर सत्याचा शिक्का बसतो. म्हणून आपले मौनही पुरेसे नाही. गावाच्या गटात संशयास्पद बातमी आली, तर तलाठ्याला, पोलीस पाटलाला किंवा ठाण्याला दूरध्वनी करून विचारावे आणि मिळालेले उत्तर त्याच गटात, साध्या शब्दांत, कोणालाही न हिणवता लिहावे. चुकून आपणच खोटे पाठविले असेल, तर तशी कबुली देण्यात कमीपणा नाही.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेले संत गाडगे महाराज कीर्तनात उपदेश करण्याऐवजी श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत. देवधर्माच्या बाबतीत प्रश्न विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे, हे वऱ्हाडला त्यांनी शिकविले. मोबाइलवर आलेल्या बातमीलाही तोच प्रश्न विचारायचा आहे: हे कोणी पाहिले? उत्तर मिळेपर्यंत बातमी आपल्याजवळच राहू द्यावी.