फटफटी, महामार्ग आणि आंभोरा

उमरेडहून भंडाऱ्याला सासुरवाडीस जायचे, तर आमचा नेम ठरलेला. आधी उलटे नागपूर गाठावे, मग महामार्ग धरावा. शंभरेक किलोमीटरांचा वळसा! यंदा चिरंजीवांनी फटफटी काढली. म्हणाले, "बाबा, कुहीवरून जाऊ. आंभोऱ्याला पूल झालाय."

सौ.चा कौल महामार्गाला. रस्ता रुंद, पंक्चरवाला हाताशी, चहा जागोजागी. तिचे खोटे नव्हते. आडरस्त्यावर चाक बसले तर ढकलणार कोण? पण मी पडलो मराठीचा मास्तर. मुकुंदराजांनी ११८८ साली 'विवेकसिंधु' रचला तो याच आंभोऱ्यास, असे इकडची परंपरा सांगते. (अंबेजोगाईकर भांडतील, ते असो.) वीस वर्षे हे वर्गात सांगितले, आणि गाव पाहिले नव्हते!

सौ. रागाने एस. टी.त बसली. आम्ही निघालो.

मांढळ, वेलतूर मागे पडले आणि टेकड्यांच्या कुशीत वैनगंगा दिसली. कन्हानसह पाच नद्यांचा हा संगम. त्यात गोसीखुर्दचे पाणी तुंबून समुद्रच झालेला. चैतन्येश्वराचे दर्शन घेतले, मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतल्या हरिनाथांच्या समाधीपाशी टेकलो. पूर्वी पलीकडे जायला नाव लागे. २०२४ साली तारांनी तोललेला पूल खुला झाला. त्यावर चिरंजीव अर्धा तास गप्प उभे होते. घरी पाच मिनिटे राहत नाहीत.

भंडाऱ्यास पोचलो, तो सौ. हजर.

"परतताना दिवसाउजेडी निघायचे, रानडुकरे आडवी येतात," मी बजावले.

"निघू की," ती म्हणाली, "मी बसते मागे. तुम्ही एस. टी.ने या."