तोफेची फाइल आणि एकतीस मार्च

२४ मार्च १९८६ रोजी भारत सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी ४१० तोफांचा करार केला. २६ मार्च २०२५ रोजी ३०७ ‘अटॅग्स’ तोफांचा करार झाला, तो पुण्याची भारत फोर्ज आणि टाटा ॲडव्हान्स्ड सिस्टिम्स या दोन देशी कंपन्यांशी. मधल्या एकोणचाळीस वर्षांत सरकारं आली-गेली, खरेदीच्या नियमांची जाडजूड पुस्तकं निघाली, परदेशी तोफेच्या जागी देशी तोफ आली. सह्या मात्र दोन्ही वेळा मार्च सरता सरताच झाल्या. ज्यानं सरकारी कचेरीत एक तरी मार्च काढलाय, त्याला याचं नवल वाटणार नाही.

आपलं संरक्षण मंत्रालय म्हणजे पाच विभागांचं एकत्र कुटुंब. संरक्षण विभाग, लष्करी व्यवहार विभाग, उत्पादन विभाग, संशोधन विभाग (म्हणजे डीआरडीओ) आणि माजी सैनिक कल्याण विभाग. संसदेपुढे त्याच्या चार मागण्या जातात: मुलकी खर्च, सैन्यदलांचा महसुली खर्च, भांडवली खर्च आणि निवृत्तिवेतन. २०२५-२६ साठी हे सगळं मिळून ६,८१,२१० कोटी रुपये झाले. त्यातून पगार, रेशन, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती हा रोजचा गाडा चालवायला ३ लाख ११ हजार कोटींहून अधिक. नव्या तोफा, विमानं, जहाजं घ्यायला १ लाख ८० हजार कोटी. पेन्शनला १,६०,७९५ कोटी. शेवटचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. उद्याची शस्त्रं आणि कालचे सैनिक यांच्यावरचा खर्च त्या वर्षी जवळजवळ बरोबरीला आला होता.

या पैशाला एक्स्पायरी डेट असते. एकतीस मार्चला जे खर्चलं नाही ते ‘लॅप्स’ होतं, परत तिजोरीत जातं. वर्षाचे चार तुकडे पाडून प्रत्येक तिमाहीचा हिशेब मागितला जातो. शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या ३३ टक्क्यांहून जास्त आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांहून जास्त खर्च करू नये, असा अर्थ मंत्रालयाचा सर्वसाधारण दंडक आहे. दंडक शहाणपणाचाच. पण तोफेला तिमाही कळत नाही.

अटॅग्सचीच गोष्ट घ्या. पुण्यात पाषाणला डीआरडीओची ‘एआरडीई’ ही शस्त्र-संशोधन प्रयोगशाळा आहे. २०१३ मध्ये तिथं हे काम सुरू झालं. १५५ मिलिमीटरचं तोंड, त्याच्या ५२ पट लांबीची नळी, २५ लिटरचा दारूकक्ष, आणि तेलदाबाऐवजी सगळ्या हालचाली विजेच्या मोटरींवर. बोफोर्सची नळी तोंडाच्या ३९ पट होती, त्यावरून फरक लक्षात यावा. दारूकक्ष मोठा म्हणून पल्ला मोठा: चाचण्यांमध्ये गोळा ४८ किलोमीटरपर्यंत गेला. पण तोफेचं वजनही १८ टनांच्या घरात गेलं आणि लष्कराने त्यावर नाक मुरडलं. राजस्थानच्या उन्हात चाचण्या, सिक्कीमच्या थंडीत चाचण्या. सप्टेंबर २०२० मध्ये पोखरणला चाचणी चालू असताना नळी फुटली, माणसं जखमी झाली. मग चौकशी, दुरुस्ती, पुन्हा चाचण्या. १५ ऑगस्ट २०२२ ला लाल किल्ल्यावर तिरंग्याला सलामी द्यायला याच तोफेचा बार झाला आणि टाळ्या वाजल्या. तेव्हा लष्कराकडून तिची ऑर्डर मात्र निघायची होती.

इथून पुढे तोफ थांबते आणि फाइल चालू लागते. फाइलचा रस्ता साधारण असा. आधी मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची संरक्षण खरेदी परिषद गरज मान्य करते. त्या मान्यतेला सगळे ‘एओएन’ म्हणतात. मग निविदा, तांत्रिक छाननी, प्रत्यक्ष मैदानी चाचणी, चाचणीच्या अहवालाची छाननी. मग दर उघडतात, घासाघीस करायला समिती बसते. शेवटी मोठी रक्कम असेल तर प्रस्ताव पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीपुढे. वाटेत प्रत्येक टप्प्यावर वित्त विभाग बसलेला असतोच. त्यानं एक क्वेरी काढली की फाइल आल्या पावली परत. वरिष्ठानं समासात ‘प्लीज स्पीक’ एवढे दोन शब्द लिहिले तरी पंधरवडा कुठे गेला कळत नाही. कारण ‘बोलायला’ दोघंही एका वेळी जागेवर असावे लागतात, आणि एकजण तोवर दौऱ्यावर गेलेला असतो.

या अडथळ्यांना नुसती लाल फीत म्हणून नावं ठेवणं मला पटत नाही. बोफोर्सच्या दलालीच्या आरोपांनी एक सरकार डळमळलं, नंतर निवडणुकीत गेलं. तेव्हापासून या मंत्रालयात प्रत्येकाला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे: सही केल्याबद्दल चौकशी होऊ शकते, सही न केल्याबद्दल होत नाही. त्या एका भीतीपायी लष्कराला नव्या मोठ्या तोफेसाठी तीस वर्षं वाट पाहावी लागली. अमेरिकेच्या हलक्या एम ७७७ चा करार थेट २०१६ मध्ये झाला.

नियम सुधारायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. कारगिलच्या धक्क्यानंतर २००१ मध्ये खरेदी परिषद आणि २००२ मध्ये खरेदीची पहिली कार्यपद्धती आली. मनोहर पर्रीकर मंत्री असताना २०१६ ची सुधारित आवृत्ती निघाली, गोव्यातल्या ‘डिफेक्स्पो’ या शस्त्रप्रदर्शनात आणि तीही २८ मार्चला. भारतात आखलेल्या, विकसित केलेल्या आणि बनवलेल्या शस्त्राला सगळ्यात आधी मान, हा वर्ग तिनंच आणला आणि अटॅग्सची खरेदी पुढे त्याच वर्गातून झाली. २०२० मध्ये पुन्हा नवं पुस्तक. पुस्तकं बदलत गेली, फाइलचे थांबे फारसे कमी झाले नाहीत.

तर, ३०७ तोफांची गरज मान्य झाली मार्च २०२३ मध्ये. करार मार्च २०२५ मध्ये, सुमारे ६,९०० कोटींचा. भारत फोर्जचा दर सर्वांत कमी, म्हणून साठ टक्के म्हणजे १८४ तोफा त्यांच्याकडे, उरलेल्या १२३ टाटांकडे. दोनच दिवसांनी, २८ मार्चला, हिंदुस्थान एरोनॉटिक्सशी १५६ ‘प्रचंड’ हेलिकॉप्टरांचा ६२,७०० कोटींचा करार झाला. त्या आर्थिक वर्षात मंत्रालयाने १९३ करार केले, २ लाख ९ हजार कोटींहून अधिक किमतीचे. हा तोवरचा विक्रम होता. त्यातला जवळपास एक तृतीयांश पैसा त्या एका आठवड्यातल्या सह्यांचा.

विक्रमाच्या बातम्या वाचताना दोन गोष्टींकडे लक्ष ठेवावं. पहिली, करार म्हणजे खर्च नव्हे. सहीच्या वेळी आगाऊ रकमेचा हिस्सा जातो, बाकीचे हप्ते काम पुढे सरकेल तसे पुढची कित्येक वर्षं. म्हणून आजचा विक्रम हा उद्याच्या अंदाजपत्रकावरचा बोजाही असतो. मंत्रालयाच्या भाषेत ‘कमिटेड लायबिलिटी’. दुसरी गोष्ट छेदाची. २०२४-२५ मध्ये भांडवली तरतूद पूर्ण, म्हणजे शंभर टक्के, वापरली गेली असं सांगितलं गेलं. खरं आहे. पण फेब्रुवारीत सुधारित अंदाज आला तेव्हा मूळची १ लाख ७२ हजार कोटींची तरतूद १ लाख ६० हजारांच्या खाली उतरवली होती. शंभर टक्के होते ते त्या उतरवलेल्या आकड्याचे. आमच्या शाळेत गुरुजी पेपर तपासताना एखादा प्रश्नच रद्द करायचे आणि मग सगळ्या वर्गाची टक्केवारी चढायची, तसंच काहीसं. पुढच्या वर्षाची सुरुवात मात्र बरी झाली. २०२५ च्या सप्टेंबरअखेर, दोन तिमाह्यांत, भांडवली तरतुदीतले ५१ टक्के वापरले गेले होते.

पैसा लॅप्स होऊ नये म्हणून वेगळा निधी ठेवावा, ही सूचनाही जुनीच. २००४ च्या अंतरिम अंदाजपत्रकात जसवंत सिंह यांनी २५ हजार कोटींचा असा निधी जाहीर केला. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २६ साठी २ लाख ३८ हजार कोटींचा सुचवला. घोषणा आणि शिफारस दोन्ही छापील स्वरूपात उपलब्ध आहेत.

सगळं खापर मंत्रालयाच्या डोक्यावर फोडणंही बरोबर नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ तेजस मार्क १ए विमानांचा करार झाला. पहिलं विमान मार्च २०२४ मध्ये द्यायचं ठरलं होतं (पुन्हा मार्च!). अमेरिकेहून यायच्या इंजिनांतलं पहिलंच आलं २०२५ च्या मार्चमध्ये. इथं फाइल वेळेत निघाली होती, पैसाही होता. नाशिकजवळ ओझरला तेजसची तिसरी उत्पादनरेषा उभी राहिली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथल्या पहिल्या विमानानं उड्डाण केलं. त्या दिवसापर्यंत ८३ पैकी एकही विमान हवाई दलाच्या हाती पडलेलं नव्हतं. ज्या दलाला ४२ स्क्वॉड्रन मंजूर आहेत, त्याच्याकडे मिग-२१ निवृत्त झाल्यावर २९ उरले.

इतक्या उशिरांच्या या मंत्रालयात एक काम मात्र महिन्याच्या महिन्याला होतंच होतं. चौतीस लाखांच्या आसपास निवृत्तांची पेन्शन. पूर्वी ती बँकांमार्फत जायची, आता बहुतेकांची ‘स्पर्श’ या मंत्रालयाच्या स्वतःच्या प्रणालीतून थेट खात्यात येते. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

गेल्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात ऑनलाइन कामांच्या एका दुकानात मी बसलो होतो. निवृत्त हवालदार, वय ऐंशीच्या पुढे, इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन. अंगठ्याचा ठसा तीनदा लावून झाला, यंत्र घेईना. नोकरीनंतर चाळीस वर्षं शेती केलेला अंगठा, रेषा राहिल्या होत्या कुठे? दुकानातली मुलगी म्हणाली, “राहू द्या आजोबा, चेहऱ्यावर करू.” तिनं मोबाइल समोर धरला. आजोबांनी पाठ ताठ केली, हनुवटी वर घेतली आणि कॅमेऱ्यात रोखून पाहिलं. पडद्यावर सूचना आली, डोळे मिचकवा. आजोबा रोखूनच पाहताहेत.

“आजोबा, डोळे मिचकवा की.”

“सावधानात पापणी हलवायची नाय, असं शिकवलंय आम्हाला.”

“मग विश्राम घ्या,” मुलगी म्हणाली. आजोबा हसले, पापण्या मिटल्या-उघडल्या, आणि पडद्यावर हिरवी खूण आली. तिनं प्रिंट काढून हातात दिली. आजोबांनी चष्मा लावून कागदावरची तारीख आधी तपासली, मग नाव.