थीम भिंतीवर, की ताटातही?

थीम पार्कातलं जेवण म्हणजे नाइलाज, हा समज आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. पाहण्यासारखं जे काही असतं ते राइड्समध्ये. काउंटरवर पैसे भरून स्वतः ट्रे उचलायची उपाहारगृहं फक्त पोट भरण्यापुरती, आणि तिथे रंगीत भिंतींआड बाहेरचाच बर्गर चढ्या भावात विकतात, असं मानलं जातं. या समजाचा पायाच कच्चा आहे. कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्क इथे कॉर्डेलिया नॉट यांनी १९३४ मध्ये आपल्या लग्नातल्या चिनीमातीच्या ताटांत तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढायला सुरुवात केली. किंमत होती ६५ सेंट. पुढे रांगा इतक्या वाढल्या की ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांचं मन रमावं म्हणून त्यांचे पती वॉल्टर नॉट यांनी १९४० पासून शेजारीच जुन्या काळातल्या एका गावाची प्रतिकृती उभारायला घेतली. आजचं नॉट्स बेरी फार्म हे पार्क त्यातूनच वाढलं, म्हणजे तिथे जेवण आधी आलं आणि खेळ मागून. १९५५ मध्ये उघडलेल्या डिस्नेलँडमध्येही ‘कासा दे फ्रितोस’ हे मेक्सिकन धर्तीचं उपाहारगृह पहिल्या वर्षापासून होतं. उरलेल्या टॉर्टिया फेकून न देता तळून विकण्याची सुरुवात तिथेच झाली, असं सांगतात. त्याच चिप्स १९६६ मध्ये ‘डोरिटोज’ या नावाने अमेरिकाभर गेल्या.

आता ताटाकडे वळू. थीम फक्त भिंतीपुरती असते, हा आक्षेप काही ठिकाणी अगदी खरा आहे. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या मॅजिक किंगडममधल्या ‘कॉस्मिक रेज’ या उपाहारगृहात परग्रहावरचा यांत्रिक गवई सनी इक्लिप्स १९९५ पासून गाणी म्हणत आला आहे, पण पानात पडतात ते बर्गर आणि चिकनचे तुकडेच. तिथे जावं ते गाण्यासाठी, ताटाकडून फार अपेक्षा ठेवू नये. मात्र या एका उदाहरणावरून सगळ्यांना एकाच मापाने मोजणं चूक आहे. ओरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये २०१० मध्ये हॅरी पॉटरचं हॉग्समीड गाव उघडलं. तिथल्या ‘थ्री ब्रूमस्टिक्स’मध्ये फिश अँड चिप्स आणि शेफर्ड्स पाय असं ब्रिटिश धाटणीचं खाणं मिळतं, आणि पार्कात इतरत्र सर्रास दिसणारं कोका-कोला इथे मिळत नाही. त्याऐवजी भोपळ्याचा रस आणि बटरबिअर असते. नावात बिअर असली तरी बटरबिअरमध्ये मद्याचा थेंबही नाही, तेव्हा ती मुलांना द्यायला हरकत नाही. सर्वाधिक खपणारं पेय दूर ठेवणं हा व्यापारी दृष्टीने लहान निर्णय नव्हे. नुसती सजावट करून मोकळं व्हायचं असतं, तर असा निर्णय कुणी घेतला नसता.

डिस्नेच्या ॲनिमल किंगडममधलं ‘सातुली कँटीन’ हे त्याहून चांगलं उदाहरण आहे, निदान मला तरी तेच सर्वांत पटतं. २०१७ मध्ये ‘अवतार’ चित्रपटावर बेतलेल्या पँडोरा या विभागाबरोबर ते सुरू झालं. खाणकाम करणाऱ्या कंपनीची जुनी खानावळ आता शांततेच्या काळात नव्या लोकांनी चालवायला घेतली आहे, अशी त्याची कथा. आधी भात किंवा नूडल्ससारखा पाया निवडायचा, त्यावर मांस, मासे किंवा टोफू, मग सॉस, असा वाडगा तयार होतो. गर्दीच्या स्वयंपाकघराला मोजके घटक हवे असतात आणि खाणाऱ्याला निवड हवी असते. या मांडणीत दोन्ही साधतं, आणि खानावळीच्या कथेलाही ती शोभते.

एवढं सगळं मान्य करूनही कुणी म्हणेल की भाव तर चढेच आहेत, आणि आत अडकलेल्या माणसाला दुसरा पर्याय नसतो. भाव चढे आहेत, यात वाद नाही. पर्याय नसतो, हे मात्र डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांबाबत खोटं आहे. तिथे घरचं खाणं आत नेता येतं. काचेची भांडी, मद्य आणि गरम करावे लागणारे पदार्थ तेवढे चालत नाहीत. पोळी-भाजीचा डबा खुशाल न्यावा. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये शीतपेयांचं यंत्र असलेल्या काउंटरवर बर्फाच्या पाण्याचा पेला मागितला तर फुकट मिळतो. तरीही फ्लोरिडाच्या उन्हात बाटलीमागून बाटली विकत घेणारी कुटुंबं असतात, ती केवळ हे माहीत नसल्यामुळे. युनिव्हर्सलचे नियम अधिक कडक आहेत. तिथे पाणी, किरकोळ खाऊ, बाळाचं अन्न आणि पथ्याचं जेवण एवढंच आत नेता येतं. दोन्ही पार्कांना एकच नियम लावून बेत आखला तर फसगत ठरलेली.

शाकाहारी माणसाला तिथे फ्राइजवर दिवस काढावा लागतो, ही मराठी कुटुंबांची नेहमीची धास्ती आता जुनी झाली. वॉल्ट डिस्ने वर्ल्डने २०१९ मध्ये सर्व प्रमुख उपाहारगृहांत वनस्पतीजन्य पदार्थ ठेवायचे ठरवले आणि चारशेहून अधिक पदार्थ जाहीर केले. मेन्यूत त्यांच्यापुढे हिरवं पान असतं. या पदार्थांत मांसच नव्हे, तर दूध, अंडी आणि मधही नसतो. म्हणून पान दिसलं नाही की पदार्थ मांसाहारीच, असं समजू नये. त्यात कदाचित नुसतं चीजही असेल. कांदा-लसणाबद्दल मात्र ही खूण काहीच सांगत नाही, आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, हेही तिच्यावरून कळत नाही. ज्यांना हे पाळायचं असतं त्यांनी काउंटरवर विचारावं, संकोच करू नये.

राहिला फोनवरून ऑर्डर देण्याचा प्रश्न. डिस्ने वर्ल्डने ही सोय २०१७ मध्ये सातुली कँटीनपासूनच सुरू केली. ऑर्डर दिली की जेवण शिजू लागतं, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात आधी वेळ निवडायची असते, आणि आपण तिथे पोहोचल्याचं बटण दाबेपर्यंत स्वयंपाकघर ताट करायला घेत नाही. भर दुपारच्या वेळा लवकर भरून जातात. त्यामुळे सकाळी पार्कात शिरतानाच अकराची किंवा दोननंतरची वेळ धरून ठेवावी, आणि दाराशी पोहोचून जागा शोधायच्या आधी ते बटण दाबावं.