एक मूर्ती

दिवस कलला की नर्मदाकाठच्या आश्रमांच्या ओट्यावर एकेक जण येऊन टेकू लागतो. पाठीला सॅक नाहीतर खांद्याला झोळी, हातात काठी, पांढरे कपडे धुळीने मातकट झालेले. ‘नर्मदे हर!’ अशी हाक घातली की आतून तेच उत्तर येतं आणि पाठोपाठ ठरलेला प्रश्न, ‘कितनी मूर्ति हैं?’ माणसं मोजायची तिथली ही रीत. नाव, गाव, धंदा मागाहून. आधी पिठाचा अंदाज घ्यायला हवा. एकटा असेल तो सांगतो, ‘एक मूर्ति’. मग ‘आसन लगाओ’ म्हणत त्याला एक कोपरा दाखवला जातो. तिथे चटई अंथरली की रात्रीपुरतं घर झालं.

नर्मदा परिक्रमेच्या या वाटेवर एकट्याने निघणाऱ्यांत मराठी माणसं पुष्कळ असतात. कुणी नुकतंच निवृत्त झालेलं, कुणी चालती नोकरी सोडून आलेलं, कुणाच्या घरातलं माणूस गेलेलं. का निघालात असं विचारलं तर काही जण नवस सांगतात, काही नर्मदामैयाने बोलावलं म्हणतात. हल्ली ‘स्वतःला शोधायला’ हे उत्तरही वरचेवर ऐकू येतं, थोडं संकोचून दिलेलं. संकोच बरोबरच आहे. एवढा मोठा शब्द पायाला फोड आलेल्या माणसाने उच्चारावा हे त्याचं त्यालाच जरा अवघड वाटत असणार.

आपल्याला वारी ठाऊक असते, म्हणून फरक तिथूनच सांगितलेला बरा. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे 250 किलोमीटरची वाट माणूस दिंडीत चालतो. सोबत वीणेकरी, सामानाला ट्रक, मुक्काम ठरलेले, जेवणाच्या पंगती ठरलेल्या. परिक्रमेला पालखी नाही, ठरलेली तारीख नाही आणि पोचायचं ठिकाणही नाही. जिथून निघालो तिथेच परत यायचं. पंचांगात मात्र दोघींची गाठ पडते. आषाढी एकादशीला वारी पंढरपुरात असते, त्याच दिवशी चातुर्मास लागतो आणि परिक्रमावासी जिथे असेल तिथे चार महिने थांबतो. कार्तिकी एकादशी झाली की वाट पुन्हा मोकळी.

नर्मदा मैकल डोंगरात अमरकंटकला उगम पावते आणि 1312 किलोमीटर वाहत जाऊन भरूचच्या पलीकडे खंबातच्या आखातात मिळते. दोन्ही काठांनी ही सगळी नदी पायी फिरायची म्हणजे 2600 किलोमीटरच्या वर चाल झाली. नियम सांगायला सोपा आहे: नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि तिचं पात्र कुठेही ओलांडायचं नाही. बहुतेक जण ओंकारेश्वराहून निघतात. दक्षिण तटाने पश्चिमेकडे समुद्रापर्यंत, तिथून होडीने खाडीचं तोंड ओलांडून उत्तर तटावर मिठी तलाई, मग पूर्वेकडे अमरकंटक, उगमाला वळसा आणि पुन्हा दक्षिण तटाने ओंकारेश्वर. समुद्रावरची होडी भरतीच्या वेळेवर सुटते, माणसाच्या नाही. किनाऱ्यावर वाट बघत बसायचं आणि हाक आली की झोपेतूनही उठायचं.

शास्त्राप्रमाणे परिक्रमेला 3 वर्षे, 3 महिने आणि 13 दिवस लागतात. दिवसाला 20 किलोमीटर चालणारा आजचा माणूस ती साडेचार-पाच महिन्यांत उरकतो. जुन्या साधूंना या घाईचं हसू येतं.

पात्र न ओलांडण्याच्या नियमाची खरी गंमत ओंकारेश्वरातच आहे. ज्योतिर्लिंग नदीतल्या बेटावर आहे. परिक्रमा उचलली की बेटावर जाता येत नाही, म्हणून दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचं दर्शन घेऊन निघायचं. समोर कळस दिसतो, मध्ये पूल आहे, पाच मिनिटांची वाट. पण त्या पाच मिनिटांसाठी 2600 किलोमीटर चालून यायचं. चालणाऱ्याजवळ या सगळ्याची साक्ष म्हणून एक छोटी बाटली असते, निघताना भरून घेतलेल्या नर्मदाजलाची. रोज सकाळ-संध्याकाळ ती झोळीतून काढून पाटावर नाहीतर दगडावर ठेवायची, फूल वाहायचं, उदबत्ती लावायची, आरती म्हणायची. समुद्रावर आणि अमरकंटकला त्यातलं थोडं पाणी वाहून तिथलं भरून घ्यायचं. बाटलीचं झाकण घट्ट बसतं का, ही चिंता परिक्रमावाशाला पैशाच्या पाकिटाइतकी असते. किंबहुना जास्त, कारण पाकिटाला इथे फारसं काम नाही.

म्हणजे पैसे नेतातच. औषध लागतं, बुटाचा सोल निघतो. पण जुना नेम असा की द्रव्य जवळ ठेवू नये, उद्यासाठी काही साठवू नये, मिळेल ते खावं. काठावरच्या गावांनी हा नेम दुसऱ्या बाजूने पाळला आहे. आश्रमात पंगत असते, नाहीतर सदाव्रत मिळतं: पीठ, डाळ, मीठ, मिरची असा कोरडा शिधा. तीन दगडांची चूल मांडायची, जाड टिक्कड थापायचे, डाळीला उकळी येईपर्यंत पाय पसरून बसायचं. नरसिंहपूरच्या पट्ट्यात उसाची गुऱ्हाळं चालू असली तर कुणीतरी पानावर गरम गूळ आणून देतं. वाटेवरच्या झोपडीतली म्हातारी ‘बाबाजी, चाय पीके जाओ’ म्हणत आडवी येते आणि नाही म्हटलं तर रागावते.

एकट्याने निघालेल्या शहरी माणसाची पहिली अडचण इथे सुरू होते. चालणं जमतं. आठ-दहा दिवसांत फोड बसतात, सॅकमधल्या निम्म्या वस्तू वाटून टाकलेल्या असतात, पहाटे चारला जाग येऊ लागते. घेणं मात्र जमत नाही. आयुष्यभर दोन्ही हातांनी कमावलेल्या माणसाला आपल्यापेक्षा कितीतरी गरीब घरात भाकरी घेऊन बसणं फार जड जातं. तो पैसे पुढे करतो, ते घेतले जात नाहीत. आपण कोण होतो, कुठल्या हुद्द्यावर होतो, हे सांगावंसं वाटतं आणि ऐकणाऱ्याला त्याचं काही नसतं. तिथे पुरुष तो बाबाजी आणि बाई ती माताजी. एकांत हवा म्हणून आलेल्याच्या वाट्याला असा रोज नवा माणूस येतो. जो स्वतःला शोधायला निघाला, त्याला आधी आपल्या नावाशिवाय वावरायला शिकावं लागतं.

मराठीत या वाटेवरच्या लेखनाची मोठी रांग आहे. गो. नी. दांडेकर तरुणपणी ही वाट चालले आणि त्यातून ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली गेली. शीर्षकातच नाव गाळलेलं आहे, हे लक्षात घ्यावं. पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ने कितीतरी वाचकांना खुर्चीतून उठवून ओंकारेश्वरला नेलं. त्याआधीपासूनचा धागा म्हणजे सिंधुदुर्गातल्या माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, म्हणजेच टेंबेस्वामी. त्यांनी 1914 साली गरुडेश्वरला नर्मदाकाठी देह ठेवला आणि तिथलं समाधिस्थान दत्तभक्तांना आजही ओढून नेतं.

भारती ठाकूर यांची गोष्ट या रांगेत वेगळी उठून दिसते. 2005-06 मध्ये त्यांनी पायी परिक्रमा केली, ‘नर्मदा परिक्रमा : एक अंतर्यात्रा’ हे पुस्तक लिहिलं आणि काही वर्षांनी सगळं आवरून नर्मदाकाठच्या निमाडातच राहायला गेल्या. खरगोन जिल्ह्यातल्या लेपा गावी त्यांनी मुलांसाठी शाळा उभी केली. अंतर्यात्रेचा शेवट पाटी-पुस्तकांत झाला.

जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांचा मार्ग आणखी निराळा. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला हा गुजराती माणूस 1977 साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, चित्रवही घेऊन निघाला. एका दमात काही त्यांनी परिक्रमा केली नाही. सुटीत एक तुकडा चालायचा, घरी परतायचं, पुढच्या वेळी जिथे सोडलं तिथून पुढे. असं वीस वर्षांहून जास्त चाललं. या चालण्यावर लिहिलेल्या त्यांच्या पुस्तकाला 2004 सालचं गुजरातीचं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. जबलपूर ते मंडला ही त्यांची पहिली वाट बरीचशी पुढे बरगी धरणाच्या पाण्यात गेली.

धरणांचा हा भाग भाविक लेखनात हळूच वगळला जातो, आणि ते बरं नव्हे. बरगीनंतर इंदिरासागर आलं, त्यात 2004 साली हरसूद हे भरलं शहर बुडालं. सरदार सरोवराची भिंत 138.68 मीटरपर्यंत चढली. जुनं शूलपाणेश्वराचं मंदिर पाण्याखाली गेलं आणि नवं गोऱ्याला बांधलं. नंदुरबार जिल्ह्यातली 33 गावं या एका धरणाने बाधित झाली. नदीला लगटून जाणारी वाट अनेक ठिकाणी उरलेलीच नाही. परिक्रमावासी डोंगरातून नाहीतर डांबरी रस्त्याने लांब वळसा घेतो आणि कित्येक दिवस त्याला नदी दिसतही नाही.

शूलपाणीची झाडी हे त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव. सातपुड्याच्या या पट्ट्यात भिल्ल ‘मामा’ परिक्रमावाशाला लुटत, अगदी लंगोटीवर आणून सोडत. जुन्या कितीतरी पुस्तकांत हा प्रसंग आहे, आणि मैयाच आपला अहंकार उतरवते असा त्याचा अर्थ लावलेला आहे. आता त्याच डोंगरात आदिवासी घरांतून चालणाऱ्याला बोलावून जेवायला घालतात. लुटीच्या कथा चवीने सांगणाऱ्यांनी एवढं तरी आठवावं की त्या खोऱ्यातल्या माणसांची शेतं आणि घरं पाण्याखाली गेली, तेव्हा लुटणारे मामा नव्हते.

एकट्याने लांबची यात्रा चालण्याची ओढ काही आपल्यापुरती नाही. जपानच्या शिकोकू बेटावर 88 देवळांची सुमारे 1200 किलोमीटरची वाट आहे. तिथल्या यात्रेकरूच्या टोपीवर ‘दोघे मिळून चालतो’ अशा अर्थाची अक्षरं असतात. दुसरा म्हणजे नवव्या शतकातला आचार्य कूकाई. स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवर 2024 साली जवळपास 5 लाख लोकांनी यात्रा पुरी केल्याचं प्रमाणपत्र घेतलं. त्यासाठी शेवटचे 100 किलोमीटर चालले तरी पुरतात. आपल्याकडेही असा पुरावा म्हणून शिक्के मारायची वही आली आहे. मोबाइल आला, त्यामुळे रोज संध्याकाळी घरच्या ग्रुपवर फोटो टाकणारे एकांतवासी आले. पुण्या-मुंबईहून पंधरा-अठरा दिवसांत बसने परिक्रमा घडवणाऱ्या सहली आल्या. गुडघे गेलेल्या आजीसाठी बस ठीकच आहे. पण बसमध्ये कुणी ‘कितनी मूर्ति’ विचारत नाही. आसनक्रमांक आधीच ठरलेला असतो.

परिक्रमा पुरी झाली की पूल ओलांडून बेटावर जायचं, बाटलीतलं जल ओंकारेश्वराला वाहायचं आणि कढाई करायची. कढाई म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य. सोबत कुमारिकांना जेवण. महिनोन्‌महिने दुसऱ्याच्या हातचं खाल्लेला माणूस त्या दिवशी स्वतः वाढायला उभा राहतो. अनेकांचा हात थरथरतो म्हणतात.

ज्यांना पाच महिने काढता येणार नाहीत, त्यांनी वेगडांसारखं तुकड्यांनी चालावं किंवा चैत्रात उत्तरवाहिनी करून पाहावी. गुजरातेत तिलकवाडा ते रामपुरा या पट्ट्यात नदी उत्तरेकडे वाहते. तिथली सुमारे 21 किलोमीटरची परिक्रमा एका दिवसात होते. अलीकडे तिथे गर्दी फार, तेव्हा पहाटे निघावं. मोठ्या परिक्रमेला जाणाऱ्यांनी कार्तिकीनंतर लगेच उचलावी, म्हणजे उन्हाच्या आधी बरीच वाट सरते. डॉक्टरांना दाखवून घ्यावं, ओळखपत्राच्या दोन प्रती ठेवाव्यात, सामान सात-आठ किलोंच्या वर जाऊ देऊ नये. आणि बूट नवे घालून निघू नये. ते दसऱ्यालाच विकत घ्यावेत आणि दिवाळीपर्यंत रोज घालून चालावं.