युरेनियमची टक्केवारी अण्वस्त्राचा पुरावा ठरते का?

इराणने ६० टक्क्यांपर्यंत समृद्ध केलेल्या युरेनियमचा साठा हा आंतरराष्ट्रीय वादाचा विषय ठरला असून, जून २०२५ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केले. मात्र केवळ समृद्धीच्या प्रमाणावरून अण्वस्त्र कार्यक्रम सिद्ध होतो का, हा प्रश्न कायम आहे. मुंबईतील ट्रॉम्बेचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे.

नैसर्गिक युरेनियमच्या एक हजार अणूंपैकी सुमारे सातच अणू विखंडनास उपयुक्त अशा युरेनियम-२३५ चे असतात. उर्वरित अणू वेगळे काढून हे प्रमाण वाढविणे म्हणजे समृद्धीकरण. तारापूरच्या १९६९ मधील पहिल्या दोन अणुभट्ट्यांसाठी तीन टक्क्यांहून कमी समृद्ध इंधन पुरते. शस्त्रासाठी सामान्यतः ९० टक्के समृद्धी लागते.

हे सातही अणू टिकून राहतात असे मानल्यास चार टक्क्यांपर्यंत पोहोचताना सुमारे ८२५ अणू दूर करावे लागतात, तेथून ६० टक्क्यांपर्यंत सुमारे १६३ आणि पुढे ९० टक्क्यांपर्यंत केवळ चार. म्हणूनच ६० टक्क्यांचा साठा चिंताजनक मानला जातो. २०१५ च्या करारानुसार इराणवर ३.६७ टक्क्यांची मर्यादा होती.

तरीही क्षमता आणि हेतू यांत अंतर आहे. ट्रॉम्बे येथे १९५६ मध्ये कार्यान्वित झालेल्या 'अप्सरा' या संशोधन अणुभट्टीत ब्रिटनने पुरविलेले अतिसमृद्ध युरेनियम वापरले जात असे. तिचा उद्देश संशोधनाचा होता. याउलट, तेथीलच 'सायरस' अणुभट्टी नैसर्गिक युरेनियमवर चालत असे. तिच्या वापरलेल्या इंधनातून वेगळे केलेले प्लुटोनियम १८ मे १९७४ च्या पोखरण चाचणीत वापरण्यात आले. भारताने ती चाचणी शांततामय असल्याचे म्हटले होते. समृद्धीकरणाशिवायही अणुस्फोट शक्य असल्याचे तिने दाखवून दिले.

त्यामुळे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था टक्केवारीबरोबरच साठ्याचे परिमाण, अघोषित स्थळे आणि स्फोटक यंत्रणेविषयीचे प्रयोग यांचीही छाननी करते. इराणने २००३ च्या अखेरीपूर्वी अण्वस्त्रविकासाशी संबंधित समन्वित प्रयत्न केले होते, हा संस्थेचा २०१५ मधील निष्कर्ष अशाच पुराव्यांवर आधारित होता.

समृद्धीची टक्केवारी शस्त्र किती लवकर तयार होऊ शकेल ते सांगते. ते तयार करण्याचा निर्णय झाला आहे की नाही, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी निरीक्षकांना प्रत्यक्ष तपासणीची मुभा असणे आवश्यक ठरते.