लॉर्ड्सवर तीन शतकं, धोनीसाठी सैल केलेली अट

अलिबागने भारताला एक कसोटी गोलंदाज दिलाय, माहितेय? डावखुरे उमेश कुलकर्णी. जन्म १९४२, आणि १९६७-६८च्या मोसमात चार कसोटी. तिथून रायगडचा किनारा ओलांडून तसंच दक्षिणेला गेलं की रत्नागिरी जिल्ह्यातलं राजापूर लागतं. ६ एप्रिल १९५६ला तिथे दिलीप वेंगसरकर जन्मले. खेळाडू, कर्णधार, प्रशिक्षक, मुंबई क्रिकेट असोसिएशनचे उपाध्यक्ष, भारतीय निवड समितीचे अध्यक्ष: क्रिकेटमधलं बहुतेक सगळं करून झालेला कोकणचा माणूस!

लॉर्ड्सची गंमत ऐका. १९७९मध्ये पहिल्या डावात शून्य, दुसऱ्या डावात १०३ आणि सामना वाचला. १९८२ला १५७. १९८६ला शेवटचा गडी मणिंदर सिंग मैदानात आला तेव्हा शतक अजून बाकी होतं. मणिंदर टिकला, वेंगसरकर नाबाद १२६, आणि भारताने लॉर्ड्सवर पहिल्यांदाच कसोटी जिंकली. तिथे तीन कसोटी शतकं ठोकणारा हा पहिला परदेशी फलंदाज.

याच माणसाला वानखेडेवर रडताना लोकांनी पाहिलंय. १९९१ची रणजी फायनल, हरियाणाविरुद्ध नाबाद १३९, आणि मुंबई अवघ्या दोन धावांनी हरली.

निवृत्तीनंतर, १९९५मध्ये, त्यांनी मुंबईच्या ओव्हल मैदानावर अकादमी काढली. रायगडकरांनो, मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरलात की हे मैदान चालत वीसेक मिनिटांवर आहे. पुढे पिंपरी-चिंचवडला थेरगावात दुसरी अकादमी निघाली, तिथे ऋतुराज गायकवाड घडला.

पण माझ्या मते त्यांची सर्वांत मोठी खेळी बॅटशिवायची. २००२मध्ये बोर्डाने गुणवत्ता शोधायला खास विभाग काढला आणि तो वेंगसरकरांकडे सोपवला. माजी खेळाडू छोट्या शहरांतले सामने बघत फिरू लागले. त्यातल्या प्रकाश पोद्दारांनी जमशेदपूरला एक दणकट यष्टिरक्षक हेरला. अडचण एकच: वयाची मर्यादा १९, पोरगा २१चा. वेंगसरकरांनी अट बाजूला ठेवली. पोरगा महेंद्रसिंग धोनी! नियमाला चिकटून बसणारा पदाधिकारी तिथे असता तर? अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या टेनिस बॉल स्पर्धांत लांबलांब षटकार मारणारी पोरं बघितली की मला हटकून हाच किस्सा आठवतो. त्यांचे सामने बघायलाही कुणी पोद्दार यायला हवेत, आणि तेही लवकर.

२००६ ते २००८ वेंगसरकर निवड समितीचे अध्यक्ष होते. २००७च्या टी-ट्वेंटी विश्वचषकासाठी त्यांच्याच समितीने धोनीला कर्णधार केलं. पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियात उदयोन्मुख खेळाडूंची स्पर्धा होती. वेंगसरकर स्वतः तिथे जाऊन बसले. न्यूझीलंडविरुद्ध सलामीला आलेल्या एका दिल्लीकर पोराने नाबाद शतक झळकावलं, आणि ऑगस्टमध्ये तोच पोरगा, विराट कोहली, दांबुलाला भारताकडून पहिला एकदिवसीय सामना खेळला.